नोकरीआधीची नशा-चाचणी : कारागिराच्या घरात काय माहीत असावे?

विमानाच्या पंखाखाली काम मिळवायचे तर आता हातात हुनर आणि आयटीआयचे सर्टिफिकेट असून भागत नाही. प्लास्टिकच्या एका डबीत लघवीचा नमुनाही द्यावा लागतो. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधलेले विमान-दुरुस्तीचे केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. हे केंद्र मात्र एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस या वेगळ्या कंपनीकडे राहिले. त्याच परिसरात विमानाचे सुटे भाग बनवणारे कारखानेही आले. पत्राकाम, फिटिंग, रंगकाम, वायरिंग, सीटकव्हर शिवणे ही कामे मोमिनपुरा, हसनबाग, ताजबाग या वस्त्यांतली पोरे लहानपणापासून बघत आलेली. बापाच्या दुकानात शिकलेला हात मोठ्या कारखान्यात चालू शकतो, ही आशा खोटी नाही. पण मुलाखत चांगली झाल्यावर "मेडिकलला या" असा निरोप येतो आणि काही घरांत त्या रात्री झोप लागत नाही. कारण पोराने चार दिवसांपूर्वी मित्रांबरोबर गांजाची सिगारेट ओढलेली असते, आणि हे त्याला एकट्यालाच माहीत असते.

आम्ही हा विषय व्यापार-उद्योगाच्या पानावर घेतला याचे काहींना नवल वाटेल. नशा वाईट की बरी, याचा निकाल आपल्याकडे केव्हाच लागलेला आहे आणि त्यात भर घालण्याचा आमचा इरादा नाही. आम्हाला बोलायचे आहे ते रोजीरोटीबद्दल. ही चाचणी नेमके काय मोजते हे ठाऊक नसल्यामुळे काही पोरे हातची नोकरी घालवतात आणि काही भीतीपोटी मेडिकललाच जात नाहीत. काही जण तर बाजारातल्या भोंदू औषधांवर पैसे उडवतात. आणि आपल्यातले जे दुकानदार, ठेकेदार स्वतः दहा-वीस माणसे कामावर ठेवतात, त्यांनाही हल्ली या चाचणीचा मोह पडू लागला आहे.

प्रथम नियम पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, नशा-चाचणीचा नियम ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार विमान कंपन्या, दुरुस्ती-देखभाल संस्था, वैमानिक प्रशिक्षण संस्था आणि हवाई वाहतूक नियंत्रण सेवा यांनी माणूस कामावर घेण्यापूर्वी किंवा प्रशिक्षणार्थीला प्रवेश देण्यापूर्वी चाचणी करायची आहे. शिवाय वैमानिक-चालक दल आणि हवाई नियंत्रक यांच्यापैकी दरवर्षी किमान १० टक्के लोकांची अचानक तपासणी होते. गांजा-चरस, अफूजन्य पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामाइन, बार्बिच्युरेट आणि झोपेच्या गोळ्यांतले बेंझोडायझेपिन असे सहा गट तपासले जातात. नोकरीत असलेला माणूस पहिल्यांदा पक्क्या चाचणीत सापडला तर त्याला व्यसनमुक्तीच्या उपचाराला पाठवतात आणि बरा होऊन चाचणी स्वच्छ आली की कामावर परत घेता येते. दुसऱ्यांदा सापडल्यास परवाना ३ वर्षांसाठी निलंबित होतो. तिसऱ्यांदा रद्द. म्हणजे आत असलेल्याला एक संधी आहे. बाहेर उभ्या असलेल्या उमेदवाराला मात्र तिचा काही उपयोग नाही. त्याच्या जागेवर यादीतला पुढचा माणूस बसतो.

फुंक मारण्याची चाचणी वेगळी, ही वेगळी

आपल्याकडे लोकांच्या डोक्यात नशेची चाचणी म्हणजे ट्रॅफिक पोलिसाचे यंत्र. रात्री चौकात गाडी अडवली, फुंक मारायला लावली, १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू निघाली की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा. रेल्वेच्या लोको पायलटलाही ड्युटीवर चढताना अशीच फुंक मारावी लागते. ही चाचणी "आत्ता तू नशेत आहेस का" एवढेच विचारते. सकाळपर्यंत दारू उतरते, यंत्र गप्प बसते. या अनुभवावरून पोरे हिशेब करतात की गांजा ओढून चार दिवस झाले, डोके शांत आहे, डोळे लाल नाहीत, मग भीती कसली?

गांजाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. गांजातल्या नशेच्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. धूर ओढल्यावर ते काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि काही तासांत त्याचा अंमल ओसरतो. पण हे द्रव्य पाण्यात नव्हे, चरबीत विरघळणारे आहे. ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसते आणि तिथून थोडे थोडे रक्तात उतरते. यकृत त्याचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात करते, ज्याने नशा मुळीच होत नाही, आणि ते लघवीवाटे बाहेर पडत राहते. चाचणी शोधते ते हे दुसरे द्रव्य. नमुना देणारा माणूस त्या क्षणी पूर्ण शुद्धीत असू शकतो. चाचणी त्याच्या मागच्या दिवसांचा हिशेब मागते.

किती दिवस मागचा? याचे नेमके उत्तर कोणताही डॉक्टर एका माणसाबद्दल देऊ शकत नाही. अंदाजच सांगता येतो. आयुष्यात क्वचित एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत साधारण ३ दिवस खूण राहते. आठवड्यातून तीन-चारदा ओढणाऱ्याच्या बाबतीत ५ ते ७ दिवस धरतात, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत १० ते १५ दिवस. वर्षानुवर्षे दिवसातून अनेकदा ओढणारा असेल तर महिना, कधी त्याहून जास्त. अंगात चरबी किती, माल किती कडक होता, यावर हे बदलते. केसाची तपासणी केली तर सुमारे ९० दिवस मागे जाता येते. लाळेची चाचणी मात्र एक-दोन दिवसांपुरतीच.

आता "सापडला" कशाला म्हणायचे, हेही समजून घेतले पाहिजे. पहिल्या चाळणीत सर्वसाधारणपणे एका मिलिलिटर लघवीत ५० नॅनोग्रॅम ही रेघ वापरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ही रेघ आकाशातून पडलेली नाही. अमेरिकेत सरकारी नोकरांसाठी ही चाचणी १९८० च्या दशकात सुरू झाली तेव्हा रेघ १०० वर होती, १९९४ मध्ये ती ५० वर आणली. रेघेच्या वर निघालेला नमुना मग मोठ्या यंत्रावर, गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीने, पुन्हा तपासतात. तिथे रेघ १५ वर असते, कारण ते यंत्र नेमके तेच द्रव्य ओळखते. डीजीसीएच्या भाषेत पहिल्या चाळणीत अडकलेल्याला "पॉझिटिव्ह" म्हणत नाहीत, "नॉन-निगेटिव्ह" म्हणतात. शब्दांचा हा फरक किरकोळ वाटेल, पण एखाद्या तरुणाच्या नोकरीचे भवितव्य त्याच फरकात असते.

एवढी कडक तपासणी कशासाठी, असे कुणी विचारील. ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या चेस या गावाजवळ जोडलेली इंजिने सिग्नल ओलांडून प्रवासी गाडीच्या मार्गात आली आणि १६ माणसे मेली. इंजिन चालवणाऱ्यांनी गांजा ओढला होता हे पुढे उघड झाले. त्यानंतर तिथे १९९१ मध्ये रेल्वे, विमान, ट्रक या सर्व वाहतूक कामगारांच्या चाचणीचा कायदा झाला. एका नटाला चुकीचा पिळ बसला तर दोनशे माणसांचा प्रश्न येतो, हे विमानाच्या मेकॅनिकला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

भांग चालते का?

आम्हाला सर्वांत जास्त गोंधळ दिसतो तो भांगेबद्दल. होळीला, महाशिवरात्रीला शेजाऱ्यांकडे ठंडाई घेतली, पानठेल्यावरून मुनक्क्याची गोळी खाल्ली, शेजारच्या मध्य प्रदेशात परवान्याच्या दुकानातून घोटा प्यायला. "हा काही गांजा नव्हे" असे लोक म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झालेल्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांची भांग या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली आणि राज्यांच्या हाती गेली. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली येते, परवान्याशिवाय बाळगता येत नाही. मुनक्क्याच्या गोळ्या आयुर्वेदिक औषधाच्या नावाने विकल्या जातात. पण औषधांच्या नियमांत भांग ही विषारी द्रव्यांच्या यादीत, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची म्हणून नोंदलेली आहे.

तथापि चाचणीचे यंत्र कायदा वाचत नाही. भांगेच्या पानात आणि गांजाच्या शेंड्यात टीएचसी एकच. प्रमाण कमी-जास्त एवढेच. ठंडाईचा एक पेला पोटात गेला तरी लघवीत तीच खूण उमटते. खाल्लेल्या भांगेचा अंमलही उशिरा चढतो आणि जास्त वेळ टिकतो. "सर, मी फक्त भांग घेतली होती" हे उत्तर मेडिकल अधिकाऱ्यापुढे बचाव ठरत नाही, कबुली ठरते.

या गैरसमजाला इतिहासही कारण आहे. इंग्रजांच्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि खंडव्याच्या बाजूला सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. परवान्याची दुकाने होती, त्यांचा महसूल तिजोरीत जमा व्हायचा. १८९३-९४ मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज कमिशनने देशभर हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि बेताचे सेवन बहुतेकांना घातक ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. म्हणून आजोबांच्या पिढीत चिलीम ओढणारा माणूस गुन्हेगार नव्हता. दिवसभर माग चालवून संध्याकाळी दोन झुरके घेणारा विणकर त्यांनी पाहिलेला असायचा. आज त्याच नागपुरातून ओडिशा-आंध्रचा गांजा उत्तरेकडे जातो आणि रेल्वे स्टेशनवर बेवारस बॅगा पकडल्या जातात. जमाना बदलला, घरातले बोलणे मात्र जुनेच राहिले.

न ओढताही अडकता येते का?

हा प्रश्न ज्यांनी हात लावलेला नाही त्यांच्याही मनात असतो. उरसात, जत्रेत चिलीम ओढणाऱ्यांजवळ बसलो, धूर नाकात गेला, तर? मोकळ्या हवेत किंवा खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत ५० ची रेघ ओलांडण्याइतका धूर जात नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेल्या प्रयोगात बंद, हवा न खेळणाऱ्या खोलीत तासभर दाट धुरात बसवलेल्यांपैकी काहींच्या लघवीत थोड्या वेळापुरती खूण सापडली. पण कुणीही माणूस अशा धुराच्या कोठडीत सहज म्हणून बसत नाही.

औषधांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्या चाळणीची स्ट्रिप द्रव्याच्या आकारावरून अंदाज बांधते आणि कधी फसते. ॲसिडिटीसाठी घराघरांत घेतले जाणारे पॅन्टोप्रॅझोल आणि एचआयव्हीवरचे एफाव्हिरेन्झ यांमुळे गांजाची खोटी खूण उमटल्याची नोंद आहे. खोकल्याच्या औषधातले कोडीन अफूच्या गटात दिसते, झोपेची गोळी तर थेट सहा गटांपैकी एकात मोडते. म्हणून नमुना देण्याआधी आपण कोणती औषधे घेत आहोत ते फॉर्मवर लिहून द्यावे, डॉक्टरची चिठ्ठी जोडावी आणि फॉर्मची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. नंतर सांगितलेले कुणी मानत नाही. पहिल्या चाळणीत अडकल्यास घाबरून उठून न जाता पक्की चाचणी लेखी मागावी, ती एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत व्हावी असा आग्रह धरावा. ज्याने खरोखर काही घेतलेले नाही त्याला मोठे यंत्र सोडवते.

आणि ज्याने घेतले आहे त्याचे काय? इथे आम्ही स्पष्टच बोलतो. लिंबू-सोडा, व्हिनेगर, जवस, "शरीर साफ करणारी" बाटली, यांतले काहीही चरबीतले द्रव्य रातोरात बाहेर काढत नाही. भराभर पाणी पिऊन आलेला नमुना पातळ असल्याचे क्रिएटिनिनच्या मोजणीत कळते. दुसऱ्याची लघवी आणली तर डबीवरचे तापमान चुगली करते. अशा लबाडीत सापडलेल्याला गांजा ओढणाऱ्यापेक्षा वाईट शिक्का बसतो, कारण गांजा ही सवय समजली जाते आणि लबाडी हा स्वभाव. ज्याला अशी नोकरी हवी आहे त्याने अर्ज भरण्याच्या आधी दोन महिने हात लावू नये. वेळ कमी पडत असेल तर ही खेप सोडून पुढच्या भरतीला जावे. एक भरती हुकली तर दुसरी येते. कंपनीच्या फाइलवर गेलेला शेरा पुसणे जास्त कठीण.

हेच गणित बाहेरदेशी जाणाऱ्यांना अधिक कडकपणे लागू पडते. रत्नागिरी-रायगडचे आपले खलाशी बांधव ही चाचणी फार पूर्वीपासून जाणतात. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढल्यानंतर तेल कंपन्यांनी जहाजांवर दारू-नशेची अचानक तपासणी सक्तीची करत नेली. आखातात तर प्रश्न नोकरीपुरता राहत नाही. संयुक्त अरब अमिरातीत सेवन हाच गुन्हा आहे आणि लघवी-रक्तात सापडलेला अंशही पुरावा ठरू शकतो, मग तो धूर नागपुरात ओढलेला का असेना. २०२१ च्या नव्या कायद्याने पहिल्या वेळेची शिक्षा सौम्य केली, तरी कोठडी किंवा हजारो दिरहमचा दंड उरतोच. दुबईच्या व्हिसासाठी कर्ज काढणाऱ्या बापाने पोराला हा एक प्रश्न विमानात बसण्याआधी विचारलाच पाहिजे, आणि ओरडून नव्हे.

मालक बंधूंसाठी दोन शब्द

आता आपल्यातल्या मालकांकडे वळू. वर्कशॉपमध्ये एखादा पोरगा ग्राइंडरवर झोपाळल्यासारखा दिसला, हिशेबात चूक झाली, की मेडिकल स्टोअरमधून स्ट्रिप आणून "चल, नमुना दे" म्हणणारे मालक निघू लागले आहेत. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. कटिंग मशीनवर बोटे जातात, गॅस-वेल्डिंगवर जीव जातो, आणि नुकसानभरपाई मालकाच्या माथी येते. परंतु वर सांगितले तसे ती स्ट्रिप आजची नशा सांगत नाही. शनिवारी रात्री ओढलेल्याची सोमवारी खूण उमटेल आणि आत्ता दारूच्या अमलात असलेला माणूस त्याच स्ट्रिपवर स्वच्छ निघेल. झोपाळलेल्याला त्या दिवशी मशीनवरून उठवायला स्ट्रिपची गरजच नाही, मिस्त्रीची नजर पुरे.

आपल्या देशात खासगी नोकरीतील नशा-चाचणीची रीत ठरवणारा एकच सर्वसाधारण कायदा नाही. म्हणूनच ज्याला चाचणी करायचीच आहे त्याने नियम आधी लिहून सर्वांना सांगावा, कामगाराची लेखी संमती घ्यावी, पक्क्या चाचणीशिवाय कुणाला काढू नये आणि निकाल कपाटात ठेवावा. शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. आपल्या मोहल्ल्यात निकाल कामगाराच्या हाती पडण्याआधी चहाच्या टपरीवर पोहोचतो, आणि मग प्रश्न नोकरीचा न राहता बहिणीच्या रिश्त्याचा होतो. नुसत्या स्ट्रिपवरून एखाद्याला "गंजेडी" ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो करणारा आपलाच माणूस असतो.

पुरावा म्हणजे काय, याचे भान मोठमोठ्या यंत्रणांनाही राहत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात आर्यन खान आणि इतरांना अटक झाली, देशभर गाजावाजा झाला. जामिनाच्या आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने नोंदवले की आरोपींनी सेवन केले होते का, हे पाहण्यासाठी वैद्यकीय तपासणीच केलेली नाही. मे २०२२ मध्ये आर्यन खानविरुद्ध पुरावा नसल्याने त्याचे नाव आरोपपत्रात आलेच नाही. मधले जवळजवळ चार आठवडे त्याने कोठडीत आणि तुरुंगात काढले. त्याच्या बापाकडे वकिलांची फौज होती; वेल्डरच्या पोराकडे ती नसते.

कायद्याची एक बाजू मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. एनडीपीएसच्या कलम २७ प्रमाणे गांजाचे सेवन हा गुन्हा असून त्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्याच कायद्याचे कलम ६४ क म्हणते की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि तो उपचार पुरा केला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. सोडताना पहिले एक-दोन आठवडे झोप न येणे, चिडचिड, भूक मंदावणे हे होते; ते ओसरते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे दाखवता येते. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६. पोरगा स्वतः फोन करायला लाजत असेल तर आई, मोठा भाऊ किंवा उस्तादही फोन करून विचारू शकतो.